कॅसेट क्रमांक एकतीस

२ ऑक्टोबर २०१८, मंगळवार
माफ कर, वही. जूनपासून तुला हात लावला नाही. कारण कामाचा व्याप. (तपासलं. व्याप ऑगस्टपासून आहे. जून-जुलैचं कारण सापडलं नाही.)
संग्रहालयाने नवी कलाकृती घेतली आहे. इथे बैरुतमध्येच एका बंद किराणा दुकानात सापडलेल्या चौसष्ट कॅसेटी. युद्धाच्या वर्षांत आखातात गेलेली माणसं पत्राऐवजी आवाज भरून पाठवायची. रस्ते बंद, त्यामुळे या न्यायला कुणी आलंच नाही. भिंतीवर चौसष्ट हेडफोन टांगायचे आहेत. नाव कुणाचंच नाही. प्रत्येक कॅसेट ऐकून एका ओळीचं लेबल लिहिणं माझ्याकडे.
संकल्प: रोज आठ. भावनेला वाव नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार
आज सातच. एकूण एकतीस.
एकतिसावीत एक पुरुष म्हणतो, “बाबा, पाय धुऊनच झोपत जा. आईला छळू नकोस. मी मोठ्या ईदला येतो.” मागे ट्रकचं इंजिन.
लेबल लिहिलं: ‘एक तरुण आपल्या वडिलांना निरोप देतो.’
माझे वडील चौऱ्याऐंशी साली ट्रक घेऊन कुवेतला गेले, ते परतले नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो. त्याचा इथे काही संबंध नाही. फक्त नोंद.

८ ऑक्टोबर, सोमवार
दालनाचा पहारेकरी अबू मिल्हेम लेबल वाचत होता. म्हणाला, “उस्ताद, म्हाताऱ्या बापाला कुणी पाय धू म्हणतं का? आपल्याकडे बाप पोरालाच बाबा म्हणतो, आई पोराला मामा, म्हणजे आईच. एवढं शिकलात, त्यात हे विसरलात?”
मी म्हटलं, शक्यता दोन्ही आहेत.
“एकच आहे. दुसरी तुम्हाला हवी आहे.”
पहारेकऱ्यांनी भिंतीकडे पाठ करून बसावं, असा नियम सुचवणार आहे.

११ ऑक्टोबर, गुरुवार
एकतिसावी पुन्हा ऐकली. अकरा वेळा, फक्त उच्चार तपासायला. आवाज ओळखीचा वाटत नाही. अनोळखीही वाटत नाही. वडिलांचा आवाज मला आठवत नाही, तेव्हा हे मत तांत्रिकदृष्ट्या निरुपयोगी.
दुपारी वीज गेली. जनरेटर लागेपर्यंत सगळं दालन गप्प. एकतिसावीतला तो मात्र माझ्या कानात बोलत राहिला. लिफ्टमध्येही.
घरी पाय धुऊन झोपलो. ही सवय लहानपणापासूनची. कुणी लावली ते आठवत नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार
प्रदर्शनाच्या प्रमुख लमीस मॅडमनी विचारलं, एकतिसाव्या लेबलाबद्दल तक्रार आहे म्हणे? मी म्हटलं, संशोधन चालू आहे. हे पूर्ण खोटं नव्हे.
आईला ऐकवावी का? एकदा कचेरीतल्या कारकुनाने वडिलांच्या नावाआधी ‘मरहूम’, म्हणजे दिवंगत, लिहिलं होतं. तिने त्याच्याच पेनाने ते खोडलं आणि पेन परत दिलं नाही. चौतीस वर्षं ती ‘येईल तेव्हा’ असंच बोलते.
संकल्प: तिला आणायचं नाही. अठ्ठ्याहत्तरीत तिला ऐकूही कमी येतं. हा निर्णय पूर्णपणे तिच्यासाठी. (पूर्णपणे? बहुतांशी.)

१८ ऑक्टोबर, गुरुवार. उद्घाटन.
आईला आणलं. तिला जरा बाहेर पडायला मिळावं, एवढ्याचसाठी.
दारातून भिंत पाहून म्हणाली, “मामा, एवढे टेलिफोन, आणि बोलायला कुणीच नाही?” अबू मिल्हेम हसला. मी तिला इतर कॅसेटी दाखवत होतो, तरी आम्ही एकतिसावीपाशीच पोचलो. आवाज पूर्ण वाढवला. हेडफोन तिच्या कानांवर घातला.
तिने तीनदा ऐकलं. माझं मनगट धरून. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतो, लेबल सरळ आहे का ते पाहत होतो.
मग तिने हेडफोन काढला.
“नाही, मामा. हा तो नव्हे. तुझा बाप इतकं गोड कधी बोलला नाही. आणि अमक्या दिवशी येतो, असं तर त्याने जन्मात सांगितलं नाही.” हेडफोन परत टांगत म्हणाली, “या बिचाऱ्याच्या पोराला कळवा कुणीतरी.”
मी म्हटलं, मला ठाऊकच होतं.
मग अबू मिल्हेमच्या खुर्चीवर बसलो. बराच वेळ. त्याने उठा म्हटलं नाही, पाणी आणून दिलं.
आईला घरी सोडून आलो. लिफ्टमध्ये आवाज आला नाही. एकदा उगाच वर-खाली जाऊन पाहिलं. नाहीच.

उद्या: लेबल ३१ बदलणे. ‘एक बाप मुलाशी बोलतो.’