मॅट थापटण्यावर बंदी

३ जून
असोसिएशनने आज माझ्या ज्युजित्सू क्लासवर एक बाई आणून बसवली. निवृत्त नर्स. पद म्हणे सुरक्षा अधिकारी. लहानांना आणि मोठ्यांना इजा होऊ नये हे बघायचं, हे त्यांचं काम. मग इतकी वर्षं मी काय माशा मारत होतो? बसायला खुर्ची मागितली. दिली. डगमगणारी.

५ जून
नर्सबाईंच्या सूचना. वजन बघून जोड्या लावा. डोक्याला लागलेल्याला त्या दिवशी परत मॅटवर घेऊ नका. पालकांना आत बसू द्या. मी मान डोलावली. मनातून फाट्यावर मारलं. पालक आत येणार नाहीत. आई दिसली की न लागलेलंही दुखायला लागतं, हा माझा अनुभव.

१० जून, रात्री जेवणाआधी
डोकं फिरलंय. पोरं ऊठसूट मॅट थापटतात. हात पिरगळून लॉकमध्ये अडकला की मॅटवर थापटायचं आणि पार्टनरने तत्काळ सोडायचं, हा जुना नियम. नियम कसला, पळवाट. रस्त्यात गुंडाने धरलं तर काय डांबर थापटणार?

आजपासून बंद. कोणी कितीही थापटो, मी सोड म्हणेन तेव्हाच सोडायचं. नर्सबाईंनी विचारलं, एकाच वेळी एवढ्या जोड्यांवर लक्ष कसं ठेवणार. म्हटलं, बाई, माझी नजर घारीची आहे. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. पटलं असणार.

११ जून
घरी नवा नियम सांगितला. बायकोने विचारलं, आपल्या पोरीलाही लागू का? म्हटलं, तिला सगळ्यात आधी. सर घरच्यांचे लाड करतात असं कोणी म्हणायला नको. पोरगी जेवता जेवता थांबली. अकरा वर्षांची आहे, पण तत्त्वाची गोष्ट तिला लगेच कळते.

१४ जून
मोठ्यांच्या बॅचमध्ये एक टेलर आहे. नव्वद किलो वजन आणि स्वभाव गोगलगाईचा. आज पार्टनरने थापटल्याबरोबर सोडून मोकळा. झापला. म्हणतो, सर, हात आपोआप सुटतो. म्हटलं, मग हाताला शिस्त लाव. सगळ्यांसमोर हॉलला चकरा मारायला लावल्या. घामाघूम झाला बिचारा. आता सुधारेल.

१७ जून
नर्सबाईंचा एकदाचा सोक्षमोक्ष लावतो. उद्या प्रात्यक्षिक. टेलर विरुद्ध माझी पोरगी. तंत्रापुढे वजन झक मारतं, हे बाईंना त्या डगमगत्या खुर्चीतून बघू दे. पोरगी म्हणाली, बाबा, माझ्या मापाचं कोणीतरी द्या ना. म्हटलं, आयुष्य मापाचं मिळत नाही. चांगलं वाक्य आहे. भिंतीवर लावायला हवं.

१८ जून
किरकोळ अपघात.

टेलरने पोरीचा हात लॉकमध्ये धरला. मी नर्सबाईंना सांगत होतो की दुखणं सोसल्यानेच मुलं कणखर होतात. मुद्दा छान रंगला होता. तेवढ्यात टेलरने माझी परवानगी न घेता हात सोडून दिला. कोपर त्याआधीच निखळलं होतं.

नर्सबाई धावल्या. मीही धावणारच होतो, त्या मध्ये आल्या. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हाड जागेवर बसवलं, हात गळ्यात बांधला.

चूक टेलरची. धरायचं तर नीट धर, सोडायचं तर वेळेवर सोड, हे अधलंमधलं काय? आणि पोरगी थापटते फार हळू. मला दिसलंच नाही. दिसलं असतं तर प्रश्नच नव्हता.

१९ जून
टेलर घरी आला. दारातच उभा राहून रडायला लागला. मला शरम वाटली, एवढा धिप्पाड माणूस. पोरीने डाव्या हाताने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, काका, तुमची काही चूक नाही. मग कोणाची, ते बोलली नाही. समंजस आहे. बायको कालपासून माझ्याशी बोलत नाही. दमली असेल.

२४ जून
क्लास बंद ठेवायचा असोसिएशनचा हुकूम. चौकशी होणार. सगळी नर्सबाईंची कारस्थानं. पण मला फिकीर नाही. मुख्य साक्षीदार माझ्याच घरात आहे. तिला पढवायचीही गरज नाही. बापाच्या बाजूने पोर नाही बोलणार तर कोण?

२८ जून, दुपारी
चौकशी झाली. टेलरने सगळा दोष स्वतःवर घेतला. माणूस तसा चांगला आहे. नर्सबाई म्हणाल्या, मी सोडा म्हणून ओरडले, सरांनी मला हात दाखवून गप्प केलं. गप्प कुठे केलं? माझं वाक्य पूर्ण व्हायचं होतं.

मग अध्यक्षांनी पोरीला जवळ बसवून विचारलं, बाळ, तू थापटत होतीस ते सरांना दिसलं नाही का?

पोरगी म्हणाली, दिसलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग परत बाईंशी बोलायला लागले.

रागाने नाही बोलली. शाळेत बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं बोलली. माझं भाषण तयार होतं. अध्यक्षांनी बोला म्हटलं. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. तिथला पंखा फार जोरात होता.

माझं शिकवण्याचं लायसन्स गेलं. क्लास सुरू राहणार, शिक्षक नवा येणार.

२ जुलै
हात बरा झाला की पोरगी परत क्लासला जाणार आहे. हे मला बायकोकडून कळलं. म्हटलं, मी सोडत जाईन, नुसता बाहेर बसेन. बायको म्हणाली, तिने सांगितलंय आई येईल.

सकाळी पोरीला एका हाताने शर्टाची बटणं लागत नव्हती. मी पुढे झालो. नको म्हणाली. हळूच म्हणाली, पण ऐकू आलं. आईची आंघोळ होईपर्यंत ती तशीच उघड्या बटणांनी उभी राहिली, आणि मी दाराबाहेर.