दाराजवळची जागा

७ जानेवारी

धडधाकट माणूस म्हणून माझं नाव लिहून घेतलं! मी — धडधाकट! जिना चढताना निम्म्यावर बसणारा!

डॉक्टरीणबाई आजारांची कारणं शोधतात. दगडाच्या धुळीनं मेहुण्याची छाती गेली. दगड कापायच्या त्याच शेडमध्ये मीही बावीस वर्षं होतो. आजारी माणसाच्या जोडीला तसाच एक निरोगी लागतो म्हणे, तुलनेला. छातीचा फोटोही काढला. तो यायला वेळ आहे.

ही म्हणाली, “जन्मभर मेलो मेलो करत आलात. घ्या, आता सर्टिफिकेट मिळालं!”

१० जानेवारी

बाईंनी कागदावर गोल काढला. त्याचे तुकडे पाडले. एक तुकडा धुळीचा — त्याच्याशिवाय हा आजार होतच नाही. पण तो एकटा पुरत नाही. किती वर्षं, करवतीच्या किती जवळ, विड्या, जुना क्षय — तुकडे जमत जातात. गोल भरला की आजार. प्रत्येकाचा गोल वेगळा.

“काका, शेडमध्ये जागा कोणी ठरवल्या?”

“मुकादमानं,” मी म्हणालो.

अर्धं खरं. म्हणजे खोटंच.

११ जानेवारी

दुपारी डोळा लागला. शेड दिसली. करवत फिरतेय, आवाज मात्र नाही. पिठासारखी धूळ उन्हात तरंगतेय, खाली बसतच नाही. मेहुणा त्यातून चालत येतो, भुवया पांढऱ्या, आणि हातातला तुकडा पुढे करतो — “दाजी, हा तुमचा ना?” घ्यायला जातो तर माझ्या हाताची धूळ होते.

जाग आली. चहा कडू लागला.

१३ जानेवारी

लिहूनच टाकतो. दाराजवळची जागा त्याची होती. करवतीपाशी मी. मुकादमाला सांगितलं — मला चक्कर येते. चक्कर कसली! धुळीची भीती वाटत होती. दुसऱ्याच दिवशी अदलाबदल. तो चकार शब्द बोलला नाही. बहिणीचा नवरा ना मी.

१४ जानेवारी

मेहुण्याला सांगायला जायचं होतं. नाही गेलो. पायात गोळे आले.

१५ जानेवारी

गेलो. सांगितलं. एका दमात. मान वर केली नाही.

त्यानं नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली. मग म्हणाला, “एवढंच? मला वाटलं बहिणीला सोडताय की काय!” हसला. हसता हसता ढास लागली. ओसरल्यावर भिंतीकडे सरकला, गादीवर थाप मारली. “या. इथं पडा. करा पुन्हा अदलाबदल.”

पडलो. खरंच. दोन म्हातारे एका खाटेवर. पडदा हलत होता, छतावर उजेड पाण्यासारखा हलत होता. त्यानं मला माफ केलं का — विचारायचं राहिलं.

१६ जानेवारी

बाईंना खरं सांगितलं. त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं. रागावल्या नाहीत. “तुम्ही एक तुकडा, काका. अख्खा गोल नाही.” तुकडा तर तुकडा. माझाच आहे.

१९ जानेवारी

फोटो आला. दोन्ही बाजूंना डाग. निरोग्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. मेहुण्याला कळू देऊ नका, म्हणून बाईंचे हात धरले.