मामींच्या हृदयातला वाळूचा थर

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार (खोलीत जागा नाही, मनातल्या मनात घातला आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी पाठवलेला ईसीजीचा कागद इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. हृदय उत्तम आहे. कागद परत पाठवायला उशीर झाला, कारण मध्यंतरी तो ऑफिसच्या कामी आला. तेच सांगायला हे पत्र. मी जिंकले आहे.

मी नक्की काय काम करते हे तुम्ही दर भेटीत विचारता आणि माझं सांगून होईपर्यंत झोपलेले असता. म्हणून लिहूनच कळवते. आम्ही तेल शोधायला जमिनीला दणका देतो आणि खालच्या थरांवरून परत येणारा प्रतिध्वनी नोंदवतो. त्या नोंदीत थर किती आणि आमचाच दणका किती, हे वेगळं करावं लागतं. (नाहीतर जिन्यात कोणी खोकावं आणि आपण भिंतीला सर्दी झाली असं समजावं, तसं होतं.) खाली जाऊन परत येईपर्यंत दणक्याला जो आकार येतो त्याला वेव्हलेट म्हणतात, म्हणजे एक इवलीशी लाट. ती थेट दिसत नाही, अंदाजाने काढावी लागते. आमच्या जागेवर एक जुनी विहीर आहे. तिथे कोणत्या खोलीला कोणता खडक ते मोजलेलं आहे. ते मोजमाप आणि तिथला प्रतिध्वनी शेजारी ठेवायचे, आणि कोणती लाट धरली की एकातून दुसरा निघतो ते शोधायचं. लाट चुकली की कागदावर चिकणमातीची वाळू होते, आणि तेल असलंच तर वाळूत असतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर इलॅस्टिक बसतो. हे त्याचं नाव नव्हे, कीर्ती आहे. मोजमाप प्रतिध्वनीशी जुळेना तर ते किंचित ताणायची आमच्या धंद्यात मुभा आहे. हा ते आपल्या मापाचा पायजमा असल्यासारखं ताणतो. त्याची लाट देखणी आली, दोन्ही बाजूंनी सारखी, नव्वद टक्के जुळणारी. माझी एकीकडे कललेली, झोपेतून उठलेल्या माणसाच्या केसांसारखी, जेमतेम सत्तर टक्के. त्याच्या लाटेने वाळू उत्तरेला निघाली. माझ्या लाटेने तिथे निव्वळ चिकणमाती होती आणि वाळू दक्षिणेच्या कुंपणापाशी. साहेब म्हणाले, नव्वद हे सत्तरपेक्षा जास्त असतात. मी म्हटलं, परीक्षेत. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की नवी विहीर एकच खणायची आहे, आणि ती तुझ्या म्हणण्यावर खणून चिकणमाती लागली तर तू घरी.

मग मी मामींचा ईसीजी संगणकावर उतरवला आणि आणखी एका विहिरीचं मोजमाप म्हणून इलॅस्टिकच्या हाती दिला. चहा गार व्हायच्या आत त्याने तो ताणून बसवला. बैठकीत पडद्यावर आला तेव्हा ब्याण्णव टक्के जुळत होता, आणि मधोमध वाळूचा जाड थर होता. साहेब खूश झाले.

"कुठली विहीर ही?"

"विहीर नाही, सर. माझी मामी आहे."

मग इलॅस्टिकने हळूच विचारलं, "मामींची तब्येत बरी आहे ना?" (माणूस मनाने वाईट नाही.)

इतकं ताणलं की मामीही जुळते, हे साहेबांना पटलं आणि विहीर दक्षिणेला खणली. मी सांगितलेल्या खोलीला वाळू लागली, दोन मीटरच्या फरकाने. जाडी तंतोतंत. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला आणि सोडायला विसरले. त्या दिवशी इलॅस्टिकने माझ्यासाठी चहा आणला आणि माझी वाकडी लाट स्वतःच्या टेबलासमोर चिकटवली. आईला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, जेवलीस का. तुम्ही तिला नीट समजावून सांगा.

तुमची भाची

ता. क. मामींना बैठकीचं सांगू नका.

ता. क. वाळू लागली, तेल नाही. वाळूत काठोकाठ पाणी आहे (खारट, मी चाखून पाहिलं). लाटेवरून थर कळतो, त्याच्या पोटात काय आहे ते कळेलच असं नाही. मी अहवालात तसं लिहिलंही होतं. आता ही जागा बंद होते आहे. साहेब, इलॅस्टिक आणि मी, तिघेही घरी. माझं म्हणणं मात्र खरं ठरलं.

ता. क. तुमच्या बोअरवेलच्या धंद्यात यंदा ओळीने भोकं कोरडी गेली असं ऐकलं. तुमच्याकडे जागा असेल तर कळवा. मी एकच भोक पाडलं आहे, आणि पाणी अजून वर येतं आहे.