बोलिव्हियाचा लढवय्या आणि पंधरा पावलांचा नियम

ओसाका,
१८ सप्टेंबर १९९२

तीर्थरूप तोकुजी मामांना किनुएचा साष्टांग नमस्कार.

उन्हाळा सरला असं इकडे कॅलेंडर म्हणतं, पण माझ्या खोलीतला पंखा ते मानायला तयार नाही. तिकडे उत्तरेला हिरोसाकीत एव्हाना सकाळी शाल लागत असेल. तुमचा खोकला कसा आहे? मामींच्या गुडघ्यांना गरम झऱ्याचा काही गुण आला का? मी वेळेवर जेवते आणि वेळेवर झोपते (हे आईला वाचून दाखवा), आणि खरं सांगायचं तर गेले चार दिवस आनंदाच्या भरात मला जेवण सुचत नाही की झोप (हे दाखवू नका).

मामा, मला लढवय्या मिळाला! (नवरा नव्हे. फोन खाली ठेवा.) आमच्या कंपनीचा मारामारीचा नवा व्हिडिओ गेम येतोय. त्यात देशोदेशीचे आठ वीर एकमेकांना बडवतात. सात वीर ठरले होते, आठव्याची जागा रिकामी होती, आणि ती भरायला निशिवाकी साहेबांनी मला सांगितलं. मला! गेली दोन वर्षं या कंपनीत मी पिंपांशिवाय काही काढलेलं नाही. वीर मागे धडपडला की फुटतं ना, ते पिंप. लाकडी पिंप, लोखंडी पिंप, एकदा बढती म्हणून झाकणाचं पिंप. आता माझा वीर पास झाला तर खेळाच्या शेवटी पडद्यावर माझं नाव येणार. नापास झाला तर ती जागा आमच्या उराबेच्या निन्जाला, आणि मी परत पिंपांत. (खेळात दोन निन्जा आधीच आहेत. उराबेचा तिसरा हिरवा आहे, एवढाच त्याचा गुण.)

आता तुम्ही विचाराल, परदेशाचा माणूस काढायचा तर तो आम्ही पाहिलेला असतो का? छे हो! अख्ख्या खात्यात परदेशी जाऊन आलेले एकटे निशिवाकी साहेब, तेही कंपनीच्या सहलीत चार दिवस हवाईला, आणि त्यातले दोन दिवस पोट बिघडल्यामुळे हॉटेलात. आमचं सगळं जग म्हणजे कपाटातला वीस खंडांचा ज्ञानकोश. त्यातला अकरावा खंड कुणीतरी उशाला नेला तो परत आला नाही, म्हणून अकराव्या खंडातला एकही देश आमच्या स्पर्धेत नाही. उरलेलं ज्ञान डब्यांवरून मिळतं. भारताचा वीर उराबेने मसाल्याच्या डब्यावरच्या फेटेवाल्यावरून उतरवला आणि त्याला खिळ्यांच्या पलंगावर बसवला. भारतात सगळे असेच झोपतात, असं तो छातीठोकपणे सांगतो. मग कूस कशी बदलतात, असं मी विचारलं, तर म्हणाला, "सवय असते त्यांना." स्पेनच्या वीराच्या तोंडात गुलाब आहे. तो मार खाताना काट्यांचं काय होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

याच्या मुळाशी आहे साहेबांचा पंधरा पावलांचा नियम. ते म्हणतात, "अगं किनुए, गेम सेंटरात माणूस वाचायला येत नाही. पंधरा पावलांवरून नुसती सावली बघून त्याला कळलं पाहिजे, हा गडी कुठला. नाव वाचायची पाळी आली की आपण मेलो!" आणि ते नुसतं म्हणत नाहीत. चित्र भिंतीला लावून स्वतः जिन्यापर्यंत पावलं मोजत जातात, डोळे बारीक करतात, आणि तिथून देशाचं नाव ओरडतात. ओरडलेलं नाव बरोबर आलं तर चित्र पास.

माझ्या वाट्याला बोलिव्हिया आला. ज्ञानकोशात बोलिव्हियाला अर्धं पान आणि एक काळा-पांढरा फोटो. त्यात डोंगर, लामा नावाचा लांब मानेचा प्राणी, आणि घोंगडी पांघरलेलं, गोल टोपी घातलेलं एक माणूस. मी घोंगडी घेतली, टोपी घेतली, हाती बासरी दिली, आणि लामा थुंकतो असं वाचल्यावर तर मला असं स्फुरण चढलं की विचारू नका. मारही लामाच थुंकून देणार! साहेब जिन्यावरून "बोलिव्हिया!" असं ओरडले की खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने खिडकी लावून घेतली. मी हवेत होते, मामा.

आणि मग मला अवदसा आठवली. आमच्या मागच्या गल्लीत स्क्रूचा कारखाना आहे, तिथे बोलिव्हियाहून आलेला एक कामगार आहे असं कळलं. मी म्हटलं, अस्सल बोलिव्हियाचा माणूस चित्राला हो म्हणाला तर उराबेच्या तोंडाला कुलूप! गेले, वाकून वाकून विनंती केली, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांना घेऊन आले. सगळं खातं दाराशी गोळा झालं होतं. दारातून आत आले ते रोलान्दो हिगा. पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात डबा. चपला काढून नीट जुळवून ठेवल्या आणि आपल्यासारखंच कमरेत वाकून नमस्कार केला. दिसायला थेट आपल्या कोपऱ्यावरच्या पतपेढीतले. उराबे त्यांच्या पाठीमागे बघत राहिला. त्याला वाटलं, बोलिव्हियाचा माणूस अजून यायचाय.

हिगांचे आईवडील मूळचे आपल्याच ओकिनावा बेटाचे. ते बोलिव्हियाला जाऊन भातशेतीला लागले, हिगांचा जन्म तिथलाच. त्यांनी माझं चित्र बराच वेळ पाहिलं.

"हा कोण?"

"बोलिव्हियाचा माणूस," मी म्हटलं.

"असं होय! मग मी कोण हो, ताई?"

ते हसत होते. म्हणाले, आमचं गाव परातीसारखं सपाट. डोंगर बघायला दिवसभर बस, आणि वर पोचलं की मला उलटी होते. लामा पाहिला तो इथे, ओसाकातल्या प्राणिसंग्रहालयात. मुलीने विचारलं, बाबा हे काय, तेव्हा पाटी वाचून सांगितलं. मग डबा उघडता उघडता अगदी सहज म्हणाले, "लहानपणी तिकडची पोरं मला चिन्या म्हणायची, कराटे करून दाखव म्हणायची. इथे आलो तर कारखान्यातले म्हणतात, तुमच्याकडचा नाच करून दाखव. मला दोन्ही येत नाही. मला भात लावता येतो." मामा, सगळे हसले आणि मीही हसले, पण मला माझेच दिवस आठवले. पहिल्या वर्षी इथे मला रोज विचारायचे, तुझ्या घराच्या छपरापर्यंत बर्फ असतो का, शाळेत घसरगाडीवरून जायचीस का, अस्वलं ओळखीची आहेत का. मी मोरीत जाऊन रडले होते. तुम्हाला तेव्हा लिहिलं नाही.

त्याच दिवशी मी चित्र फाडलं आणि नवं काढलं. बोलिव्हियाचा वीर: इस्त्रीचा शर्ट, भांग, हातात डबा. साहेब जिन्यापर्यंत गेले. डोळे बारीक केले. दोन पावलं पुढे आले. आणखी चार आले. शेवटी म्हणाले, "अगं, हा आपल्या ऑफिसातला हिशेबनीस ना? याला कशाला मारायचा?"

काम सुटल्यावर पुन्हा आलेले हिगा तिथेच चहा पीत होते. त्यांनी भिंतीवरच्या जपानच्या वीराकडे बोट केलं. (पांढरे कपडे, गंभीर चेहरा, हात रिकामे. आमच्या खेळाचा नायक तोच.) विचारलं, "याच्याजवळ काहीच का नाही? ना टोपी, ना जनावर?"

"तो साधा माणूस आहे," साहेब म्हणाले.

"बरं, बरं," हिगा म्हणाले. "म्हणजे साधी माणसं एकाच देशात असतात."

आणि मामा, काय रणकंदन माजलं म्हणता! साहेब पेटले. खरंच, जपानी माणूस पंधरा पावलांवरून ओळखायचा कसा? उराबे टोकियोचा. तो म्हणाला, त्यात काय, ओसाकावाला काढा, भडक शर्ट, तोंडाची टकळी चालू, आणि ऑक्टोपसचे गरम गोळे फेकतोय. साहेब पडले ओसाकाचे. ते म्हणाले, त्यापेक्षा टोकियोवाला काढ, वाकून वाकून माफी मागतो आणि वाकता वाकता खिसा कापतो. क्योतोची एक बाई आहे, ती नुसती हसली, आणि ते हसणंच दोघांना जास्त लागलं. अर्ध्या तासात अख्खा जपान फुटला, हिगांनी दुसरा चहा मागितला. मग सगळ्यांची नजर एकदम माझ्याकडे वळली. "ही उत्तरेची आहे की! हिच्याकडचा काढा!" चाचणीला तीन दिवस उरले होते. आठवी जागा समोर होती. पिंपं मागे होती.

मी काढला, मामा. एका तासात काढला, आणि हात असा चालला की जसा काही माझा नव्हेच. गवताचं इरलं, डोक्याला गुंडाळलेला पंचा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, लालबुंद गाल. सफरचंदं फेकून मारतो, बर्फाच्या फावड्याने उलथवतो, दम गेला की मोठ्या बाटलीतून दारू ढोसतो, आणि जिंकला की अशी आरोळी ठोकतो की मागच्या डोंगरावरचा बर्फ खाली येतो. साहेब जिन्यापर्यंत पोचायच्या आधीच ओरडले. आठव्या पावलावर!

चाचणी म्हणजे काय, तर खेळ एका गेम सेंटरात ठेवायचा आणि आपण गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं. खिशात मोजायचं यंत्र. कुणी एखादा वीर निवडला की एक टिचकी. शनिवार-रविवार मिळून नऊ वीरांत ज्याला सगळ्यांत कमी टिचक्या, तो बाद. शनिवारी दहा वाजल्यापासून माझा अंगठा खिशात होता, आणि दुपारपर्यंत तो सुजला! कॉलेजातले, ट्रकवाले, एक भटजीबुवा, सगळ्यांना तो सफरचंदवालाच हवा. त्याच्या आरोळीवर लोक पाठीमागून आरोळी देत होते. हिरव्या निन्जाला दोन दिवसांत चार टिचक्या, त्यातल्या तीन उराबेच्या स्वतःच्या. जागा माझी झाली, मामा! माझी! मी भर गेम सेंटरात त्या भटजीबुवांचा हात धरून उड्या मारल्या.

रविवारी हिगाही आले, कारखान्यातल्या मित्रांना घेऊन. नाणं टाकलं, सगळे वीर बघितले, आणि सफरचंदवाल्यावर थांबले. मला म्हणाले, "हा तुमच्याकडचा का हो ताई?" मी हो म्हटलं. "असाच असतो?" मी म्हटलं, "लांबून." ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग पुन्हा नाणं टाकलं आणि पुन्हा तोच निवडला. त्यांच्यासाठी मी एवढंच करू शकले की खेळातल्या प्रेक्षकांच्या गर्दीत त्यांना काढलं, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. ते कुणाला मारत नाहीत, कुणी त्यांना मारत नाही. माझ्या मते त्या खेळात सगळ्यांत छान तेच दिसतात.

मामींना नमस्कार, धाकट्यांना गोड पापा. खोकल्यासाठी मुळ्याचा रस आणि मध चालू ठेवा.

तुमची लाडकी भाची,
किनुए

ता. क. — एक सांगायचं राहिलं. असा माणूस खरंच असतो का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी विजयाच्या भरात म्हटलं, "असतो म्हणजे? माझे मामाच आहेत!" वीराचं नाव त्यांनी लगेच तोकुजी ठेवलं.

ता. क. दुसरा — पुढच्या महिन्यात हिरोसाकी स्टेशनासमोरच्या गेम सेंटरात त्याचं भलंमोठं चित्र लागेल. मामींना काही दिवस बाजाराच्या रस्त्याने न्या.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिलं ते खरं यासाठी — ती आरोळी साहेबांना खऱ्या तोकुजी मामांच्याच आवाजात हवी आहे. येत्या गुरुवारी तुम्हाला बोलावलंय. जाण्यायेण्याचं तिकीट सोबत आहे. मामा, मला सगळं माहीत आहे. तुम्ही चाळीस वर्षं टाय लावून पोस्टात होतात, सफरचंदाची बाग शेजाऱ्यांची आहे, दारूला तुम्ही कधी शिवला नाहीत, आणि मला आठवतं तेव्हापासून तुम्ही एकदाही आवाज चढवलेला नाही. पण तुम्ही जसे आहात तसे आलात, तर साहेब म्हणतील, हा कुठला उत्तरेचा, आणि जागा जाईल हिरव्या निन्जाला. इरलं मी विकत घेऊन ठेवलंय. फक्त रबरी बूट घालून या, आणि आगगाडीत गाल थोडे चोळा.

ता. क. चौथा — हे पत्र मी हिगांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "स्टेशनवर त्यांना घ्यायला मीच जातो. आरोळी झाली की त्यांना माझ्याकडे जेवायला पाठवा. त्यांना म्हणावं, पिशवीत टाय आणा, आमच्याकडे लावून बसता येईल."