होडीचं बूच

रविवार, ३१ मे

सकाळी हिच्याबरोबर खडकवासल्याला जाऊन आमची शिडाची होडी धुतली, पुसली, पावसाळ्यापुरती ताडपत्रीखाली ठेवली. गुडघे कुरकुरतात, म्हणून यंदा ती विकून टाकू, असं मीच हिला सांगितलंय.

घरी आल्यापासून एकच टोचणी. तळाचं बूच काढलं का? ते राहिलं तर झिरपलेलं पाणी आतच साचणार, लाकूड कुजणार. पण विकायचीच आहे, तर मला एवढी काळजी का?

शेवटी हिला विचारलं. हिने पर्समधून बूच काढून चहाच्या कपाशेजारी ठेवलं. त्यात नवी दोरी ओवली होती.

“विकायच्या होडीला नवी दोरी कशाला?”

“अहो, चहा निवतोय.”

चहा प्यायलो. बूच किल्ल्यांशेजारी खुंटीला अडकवलं.