कच्चा टाका

४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नियम तोंडपाठ आहे, तर हात का थांबत नाही? तुझा हा प्रश्न तीनदा वाचला. कात्रीला हात लावायचा नाही असं म्हणता म्हणताच तुझ्या भिंगरी लेकीने गिऱ्हाइकाच्या कपड्याची बाही कापली, म्हणजे कमालच. पण आमच्या मुलांच्या तपासणी केंद्रात मी अशी मुलं रोज बघते. पडद्यावर गोल दिसला की बटण दाबायचं, चौकोन दिसला की नाही. तरी चौकोनावर बोट पडतंच, आणि मूल स्वतःच जीभ चावतं. लबाडी नसते रे ती. ब्रेक उशिरा लागतो.

सोबत तक्ता पाठवतेय. घरी रोज अर्धा तास एका जागी बसली की एक चांदणी. महिनाभर जमलं तर वर्गातून काढणार नाही, असं तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्यात ना? मग तक्ताच दाखवू त्यांना.

वहिनीला नमस्कार. चिडलास तरी लिहीत राहा.
तुझी धाकटी

६ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

अठ्ठावीस चांदण्या! बाईंनी तक्ता वर्गात लावला. पदवीधरबाई, तुमची विद्या फळली.

तुझी वहिनी मात्र चार दिवस माझ्याशी बोलत नाही. पहिले दोन दिवस पोरगी पाच मिनिटं टिकेना. माझं डोकं फिरलं. मग तिच्या झग्याचा घेर खुर्चीच्या गादीला कच्च्या टाक्याने अडकवला. दुखत नाही, खुपत नाही. दोरा तुटला तर चांदणी नाही, एवढंच सांगितलं. बसली मुकाट! गणित विचारलं तर शून्य, सगळा जीव दोऱ्यात. आता शाळेतून आली की स्वतःच सुई-दोरा घेऊन समोर उभी राहते, म्हणते आधी टाका घाल. ते बघून वहिनी रडली. यात रडण्यासारखं काय, तूच सांग.

तब्येतीला जप.
तुझा दादा

१४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

तुझ्यावर खूप चिडले, मग स्वतःवर त्याहून जास्त. तक्ता माझा होता. चांदणी मी बसण्याला लावली, शिकण्याला नाही. तू शिलाई मशीन चालवून मला शिकवलंस, घरातली पहिली पदवी मिळाली, आणि तिचा मी हा उपयोग केला! तुझा पाय दिवसभर मशीनवर हलतो, तरी टीप सरळ येते. तुला कोणी चुळबुळ्या म्हटलंय कधी?

तू नको म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. मंगळवारीच बाईंना लिहिलं की चांदण्या खोट्या आहेत, चूक आत्याची आहे, तिला मागच्या बाकावर पाय हलवू द्या आणि मग गणित विचारा. त्या तिला काढतील, ही भीती मलाही आहे. सोमवारी सकाळी दहाला आमच्या केंद्रात तिची तपासणी आहे. नाव नोंदवलंय. तिला घेऊन ये.

राग धर, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

ता. क. बाईंनी तक्ता परत पाठवला. तपासणी होईपर्यंत तिला वर्गातून काढणार नाही, एवढंच लिहिलंय. तक्ता मी फाडला.