डाव्या बाहीचा खुलासा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, सुईत दोरा अजून स्वतः ओवते, आणि हे लिहिताना कोणीही माझ्या डोक्यावर बसलेले नाही. मुलगा बसायला आला होता. त्याला बाजारात पाठवले आहे.

१. राहते घर स्वकष्टार्जित असून ते माझ्या पश्चात मुलगा व मुलगी यांना निम्मे निम्मे. जिन्याखालची खोली मुलीकडे जावी, कारण तिथला पसारा तिचाच आहे.

२. शिवणयंत्र व दोन्ही कात्र्या सुनेला. मोठ्या कात्रीने जो कागद कापेल, तो या मृत्युपत्रातून बाद समजावा, मग तो माझा मुलगा का असेना.

३. जांभळी शाल नणंदबाईंना. चाळीस वर्षे त्यांचा तिच्यावर डोळा होता. मी समोर नसेन तेव्हा त्यांना ती शोभेलही.

४. आता मुख्य मुद्दा. माझे यजमान सैन्यात होते. लढाईत त्यांनी घातलेला खाकी लोकरी स्वेटर, ते गेल्यावर मी वस्तुसंग्रहालयात ठेवायला दिला. तो घरी आणावा असे मुलाचे म्हणणे आहे. आणू नये, घरी त्याला कसर लागेल. सदर स्वेटर मी संग्रहालयाला कायमचा देत आहे. मात्र त्याखालची पाटी बदलावी, कारण ती खोटी आहे आणि ते खोटे माझे आहे.

अकरा वर्षांपूर्वी संग्रहालयाच्या बाई नोंद करायला माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, "मावशी, डावी बाही चार बोटं लांब कशी हो?" समोर गिऱ्हाईक मापं द्यायला उभं. मी ठोकून दिलं, "सैन्यात तशीच लागते. बंदूक धरायला." त्यांनी ते लिहून घेतलं.

गेल्या महिन्यात तिथे गेले, तर एक शिक्षिका वर्गाला सांगत होत्या, "बघा, किती विचार करून विणलंय!" एका मुलीने ते वहीत उतरवलं, खाली दोन रेघा मारल्या. मला तोंड लपवायला जागा सापडेना.

खरे असे आहे. डावी बाही विणत असताना रेडिओवर लढाई सुरू झाल्याची बातमी आली. ऐकता ऐकता मी विणतच राहिले. सकाळी त्यांच्या पलटणीतला सोबती निघायचा होता, त्याच्याजवळ स्वेटर दिला. माप घेतलेच नाही.

ते सुखरूप परतले, तेव्हा मी म्हटलं, "अहो, द्या इकडे. उसवून नीट करते."

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "खंदकात दहा जणांचे स्वेटर एका ढिगात. सगळे खाकी. अंधारात चाचपायचं, लांब बाही लागली की तो माझा. बाकीचे रोज भांडायचे."

पुढे दर थंडीत ते बाही दुमडून तोच स्वेटर घालत. शिंपिणीचा नवरा असून!

तरी नव्या पाटीवर एवढेच लिहावे: "डावी बाही चार बोटे लांब. चूक विणणारीची. घालणाऱ्याने ती दुरुस्त करू दिली नाही."

सही: लिहून ठेवणारी
स्थळ: शिवणाची खोली. दिनांक: सोळा, गुरुवार, सकाळ.

साक्षीदार १: शेजारचे इस्त्रीवाले. वाचले, मान्य.
साक्षीदार २: डॉक्टर. बाईंची नाडी व जीभ दोन्ही तपासली, ठणठणीत आहेत.